ताईंना विचारा: इंग्लंडातली शाळा सोडून ऑस्ट्रेलियाला जाऊ का?

प्रश्न: ताई, मी मूळची राजारामपुरीतली. शिवाजी विद्यापीठातनं फिजिक्समध्ये बीएस्सी केलं, लग्नानंतर इंग्लंडला आले, इथं पीजीसीई (पदवीनंतरचं एक वर्षाचं शिक्षक-प्रशिक्षण) केलं आणि आता पाच वर्षं लेस्टरजवळच्या एका सेकंडरी शाळेत सायन्स शिकवतेय. वय ३१. चार महिन्यांपूर्वी आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी, मिळालं, पासपोर्ट भारताचाच आहे. खरं सांगू का, थकलेय. रात्री अकरापर्यंत वह्या तपासणं आणि कॉम्प्युटरवर मार्क भरणं, परत सकाळी अंधारातच बस पकडायची. माझी एक इंग्लिश कलीग, ३४ वर्षांची, वर्किंग हॉलिडे व्हिसावर (तरुणांना फिरता फिरता काम करू देणारा व्हिसा) सरळ ऑस्ट्रेलियाला गेली आणि तिथं शिकवायलाही लागली. मलाही जायचंय. मिस्टर म्हणतात आधी राजीनामा टाक, डोकं शांत होऊ दे, मग बघू. कधीकधी वाटतं मी पळ काढतेय. काय करू?

उत्तर: राजीनामा टाकू नकोस. हे आधी सांगते कारण मी स्वतः हीच चूक केलीय. इंग्लंडातली नोकरी सोडून बसले आणि मग ऑस्ट्रेलियाचे कागद अडकले, का तर माझ्या मार्कलिस्टवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव, पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, आणि ही दोन्ही माणसं एकच आहेत हे समोरच्या ऑफिसला पटेना. आपल्याकडं यात काय विशेष नाही पण त्यांना हे कळतच नाही. पाच महिने घरी बसून साठवलेले पैसे खाल्ले मी. म्हणून मॅरेज सर्टिफिकेट इंग्रजीत असलेलं काढून ठेव, आणि बीएस्सीचं ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठातनं मागवायला घरच्यांना आजच सांग, ते हातात येईपर्यंत दुसरं काही हलत नाही.

आता तुझ्या कलीगचं. तिच्याकडं ब्रिटिश पासपोर्ट आहे, आणि ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना तो व्हिसा ३५ वर्षांपर्यंत मिळतो. त्यातही एका मालकाकडं साधारण सहा महिनेच काम करता येतं, म्हणजे ती शाळा शाळा फिरत राहणार. भारतीय पासपोर्टला २०२४ पासून वेगळा वर्क अँड हॉलिडे व्हिसा आहे पण तो १८ ते ३० वयासाठी, वर्षाला १,००० जागा आणि त्याही लॉटरीनं. तुझं वय ३१, तेव्हा तो रस्ता बंद. वाईट वाटून घेऊ नकोस, तुझा रस्ता लांबचा आहे पण पक्का आहे.

तुला लागणार स्किल्ड व्हिसा, म्हणजे वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी यांचे पॉइंट्स धरून मिळणारा, आणि त्याच्याआधी एटसल (AITSL) म्हणून ऑस्ट्रेलियाची जी संस्था आहे तिच्याकडनं असेसमेंट, म्हणजे शिक्षक म्हणून पात्रतेची तपासणी. त्यांना चार वर्षांचं उच्चशिक्षण लागतं ज्यात निदान एक वर्ष शिक्षक-प्रशिक्षणाचं असलं पाहिजे, आणि वर्गात देखरेखीखाली शिकवल्याचे किमान ४५ दिवस. तुझं बीएस्सी तीन आणि पीजीसीई एक, बसतंय. पीजीसीईत दिवस त्याहून कितीतरी जास्त होतात, फक्त ते किती दिवस आणि कुठल्या वयाची मुलं हे युनिव्हर्सिटीकडनं लेटरहेडवर लिहून घे. इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. इंग्लंडात काही जण पीजीसीई न करता नुसतं क्यूटीएस, म्हणजे तिथली शिक्षक म्हणून सरकारी मान्यता, घेऊन शिकवतात, तिथं ते चालतं, पण ती विद्यापीठाची पदवी नाही म्हणून एटसलपुढं अडतं. तू त्यातली नाहीस हे नशीब.

दुसरी मेख इंग्रजीची. तू म्हणशील मी इंग्रजांच्या पोरांना इंग्रजीतनं शिकवते, मला कसली परीक्षा. पण सूट त्यांनाच आहे ज्यांची चारही वर्षं ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड नाहीतर ऑस्ट्रेलियात झालीत. तुझी तीन कोल्हापुरात झाली. म्हणजे अकॅडमिक आयईएलटीएस द्यायची, वाचन आणि लेखनात ७, ऐकणं आणि बोलण्यात ८. हे आकडे सोपे नाहीत गं, लेखनात भले भले साडेसहावर अडकतात, तेव्हा तयारी करूनच जा. आणि जमलं तर चारीत ८ चंच टार्गेट ठेव, का ते सांगते. पॉइंट्स धरताना चारीत ७ असले की १० मिळतात आणि चारीत ८ असले की २०. तुझं गणित असं: वयाचे ३०, पदवीचे १५, पाच वर्षं अनुभवाचे १०, इंग्रजीचे १०, झाले ६५. ही किमान पात्रता झाली, बोलावणं यायला सहसा जास्त लागतात. मिस्टरांचं इंग्रजी धरून आणखी ५, आणि त्यांच्या कामाचं असेसमेंटही झालं तर १० मिळू शकतात. आणि वयाचे ३० हे ३२ संपेपर्यंतच, ३३ वा वाढदिवस झाला की २५. तुझ्याकडं एक-दोन वर्षं आहेत, कमी नाहीत पण लोळत घालवण्याइतकीही नाहीत.

एटसल झालं म्हणजे शिकवायची परवानगी मिळाली असं नाही, बरेच लोक इथं गफलत करतात. परवानगी त्या त्या राज्याची वेगळी. व्हिक्टोरियात व्हिक्टोरियन इन्स्टिट्यूट ऑफ टीचिंग, क्वीन्सलँडला क्वीन्सलँड कॉलेज ऑफ टीचर्स, सिडनीकडं, म्हणजे न्यू साउथ वेल्स राज्यात, नेसा ही संस्था. म्हणून आधी राज्य ठरव. सगळे मेलबर्न नाहीतर सिडनी म्हणतात. मी म्हणते छोट्या गावाचा विचार कर. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाकी सगळा भाग रीजनल धरतात, ४९१ नावाच्या रीजनल व्हिसाला राज्यानं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, दिली की १५ पॉइंट्स मिळतात, तीन वर्षं तिकडं राहून काम केलं आणि अटी पुऱ्या केल्या की पीआरसाठी (कायम राहायच्या परवानगीसाठी) अर्ज करता येतो. फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही शिकवणारी बाई म्हटल्यावर गावाकडचे हेडमास्तर स्वतःहून फोन करतात, हे मी बघितलंय.

मी मकायला होते, क्वीन्सलँडात, नऊ वर्षं. नकाशावर बघून मॅके म्हणू नकोस, तिथले लोक मकायच म्हणतात. आणि काय सांगू तुला, पहिल्या दिवशी गाडीतनं उतरले तर दोन्ही बाजूला ऊस! आपल्या करवीरसारखा ऊस, कारखान्याची चिमणी, मळीचा तो वास. फरक एवढाच की तोडणी सगळी मशीननं आणि ऊस कारखान्याला जातो छोट्या रुळांवरच्या गाडीनं, बैलगाडी नाही का ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या नाहीत. हंगामही उलटा, आपलं गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं, त्यांचं जूनला सुरू होऊन वर्षअखेरीला संपतं. मी त्या रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले होते, ते दुःखाचं नव्हतं.

शाळेचं म्हणशील तर सेकंडरी सातवी ते बारावी, तुझ्या इंग्लंडातल्यासारखं तेरावं वर्ष नाही. सातवी ते दहावी सगळं सायन्स एकत्र, नुसतं फिजिक्स अकरावी-बारावीलाच. शाळा तीनच्या आसपास सुटते. ऑफस्टेड, म्हणजे इंग्लंडातलं शाळा तपासणारं सरकारी खातं, तिकडं नाही, ते ओझं मानेवरनं उतरल्यावर मला कित्येक दिवस रिकामं रिकामं वाटायचं. पण स्वर्ग समजून जाऊ नकोस, रिपोर्ट लिहायचे असतातच, दंगेखोर पोरं असतातच, उन्हात मैदानावर ड्यूटी असते, आणि पत्रा तापलेल्या वर्गात फेब्रुवारीत शिकवणं ही वेगळीच परीक्षा. तू थकलीयस ती शिकवून थकलीयस का त्या एका शाळेनं थकलीयस, हे एकदा शांत बसून बघ. शाळेनं असेल तर आधी तिथल्या तिथं शाळा बदल, ऑस्ट्रेलियाचे कागद एकीकडं होत राहतील. पळ काढणं वगैरे काही नाही त्यात, माणूस दमतो, आणि पोरांपुढं दमलेली बाई उभी राहिली की पोरांचंच नुकसान होतं.

तारखांचं लक्षात ठेव. ऑस्ट्रेलियात शाळा जानेवारीच्या शेवटी सुरू होते, डिसेंबरमध्ये संपते, चार टर्म. इंग्लंडात डिसेंबरअखेर सुटायचं असेल तर राजीनामा ३१ ऑक्टोबरच्या आत द्यावा लागतो, उन्हाळ्याला सुटायचं तर ३१ मेच्या आत. म्हणजे व्हिसा आणि रजिस्ट्रेशन हातात, मग ऑक्टोबरात राजीनामा, नाताळात सामान आणि जानेवारीत वर्ग, असं जुळव. व्हिसासाठी गेल्या दहा वर्षांत जिथं जिथं वर्षभर राहिलीस तिथलं पोलिस सर्टिफिकेट लागतं, म्हणजे तुला ब्रिटनचंही आणि बहुतेक भारताचंही.

पेन्शनचं तू विचारलं नाहीस पण सांगते. तुझी दोन वर्षांपेक्षा जास्त नोकरी झालीय म्हणून टीचर्स पेन्शनमधलं तुझं जे आहे ते तिथं तसंच राहील, ते ऑस्ट्रेलियाच्या सुपरमध्ये (तिथला निवृत्तीचा फंड) हलवता येत नाही. ब्रिटनच्या सरकारी पेन्शनला किमान १० वर्षं भरावी लागतात, आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांची ती पेन्शन दरवर्षी वाढत नाही, सुरू झाली त्या आकड्यावर थांबते. तिकडं मालक पगाराच्या १२ टक्के सुपरमध्ये भरतो, ती तुझी नवी पुंजी.

राहिलं आयएलआर. सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिलीस की ते जातं. आयएलआरनंतर साधारण वर्षानं नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. परत यायचं दार उघडं हवं असेल तर ते वर्ष तिथंच काढ, नाहीतरी आयईएलटीएस आणि एटसलला तेवढा वेळ जाणारच आहे. पण ब्रिटिश झालीस की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) घेता येतं, तो निर्णय मिस्टरांचा एकट्याचा नाही का कलीगचं बघून घ्यायचा नाही. घरी बोल.

आणि एक. आता तू शाळा सुटल्यावर फोन करतेस तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे नऊ-दहा वाजलेले असतात, आई जांभया देत बोलते, हो ना? क्वीन्सलँड आपल्या साडेचार तास पुढं आहे. तीनला शाळा सुटली की इथं साडेदहा, आई देवपूजा उरकून भाजी निवडत बसलेली. आमच्या आईशी मी सगळ्यात जास्त बोलले ती त्या नऊ वर्षांत. इंग्लंडातनं सुट्टीला यायचे तर जुलै-ऑगस्टचा पाऊस, घराबाहेर पडता यायचं नाही. तिकडची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत, गुऱ्हाळं चालू, हुरडा, गरम काकवी.

प्रश्न: ताई, मी कसबा बावड्याचा शेतकरी. लेक इंग्लंडात शिक्षिका आहे, ब्रिटिश नागरिक होणार म्हणते आणि पुढं ऑस्ट्रेलियाला जाणार. आमची पावणेदोन एकर उसाची जमीन आहे. ती परदेशी झाली तर तिचा हक्क जाणार का? त्याआधी तिच्या नावानं बक्षीसपत्र करून टाकावं असं भाऊबंद म्हणतात.

उत्तर: दादा, बक्षीसपत्राची घाई करू नका, उलट तिथंच अडचण आहे. परदेशात राहणाऱ्याला, मग तो भारतीय पासपोर्टवाला असू दे का ओसीआय, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. फ्लॅट चालतो, शेती नाही. पण वारसानं आलेली शेतजमीन तिला मिळते, नागरिकत्व बदललं तरी मिळते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे, तो पासपोर्टानं पुसत नाही. तुम्ही मृत्युपत्र नीट करून ठेवा, सातबारावर आज कुणाकुणाची नावं आहेत ती तपासून घ्या, जुने फेरफार राहिले असतील तर तुमच्या हयातीतच मिटवा. आणि सही करण्याआधी एका चांगल्या वकिलाला कागद दाखवा, भाऊबंदांच्या सल्ल्यावर जाऊ नका.

प्रश्न: मी कोल्हापुरात बीए बीएड करून शिकवतोय. ऑस्ट्रेलियाला जायला आधी ब्रिटनला जावं लागतं का? एजंट तसं सांगतोय.

उत्तर: नाही. तीन वर्षं बीए आणि दोन वर्षं बीएड धरून तुझी चार वर्षं भरतात, बीएडमधले सराव पाठाचे दिवस ४५ च्या वर असल्याचं कॉलेजकडनं लिहून घे आणि आयईएलटीएस दे. एटसलला अर्ज तू घरात बसून स्वतः करू शकतोस, सगळं त्यांच्या साइटवर लिहिलंय. ब्रिटनला जायचंच असेल तर २०२३ पासून भारतातले सायन्स, मॅथ्स आणि भाषा शिकवणारे शिक्षक इंग्लंडच्या क्यूटीएससाठी थेट अर्ज करू शकतात, पण ती वेगळी वाट आहे, ऑस्ट्रेलियाची पायरी नव्हे. एजंटला अजून पैसे दिले नसशील तर देऊ नकोस.