मेंदूतली खरखर

प्रश्न : महाद्वार रोडच्या गर्दीत स्कूटरचे हॉर्न वाजत असताना ओळखीची हाक बरोबर ऐकू येते. मेंदू बाकीचा आवाज बंद करतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बंद नाही करत. मुळात खरखर, म्हणजे पेशींच्या प्रतिसादातला आपोआप होणारा चढउतार, मेंदूतच असते. तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं, तरी एकच चेतापेशी (मेंदूत संदेश नेणारी पेशी) कधी 8 वेळा स्पंदते, म्हणजे विजेचा छोटा ठोका देते, कधी 13 वेळा. 100 पेशींची सरासरी काढली, तर हा चढउतार दहाव्या हिश्श्यावर येतो. पण प्रत्येकीची खरखर स्वतंत्र असेल तरच. खासबाग कुस्ती मैदानात जो तो आपापलं बोलत असला, तर निवेदक ऐकू येतो. सगळे एका सुरात ओरडले की संपलं! पेशींचंही तसंच. सामायिक खरखर सरासरीत विरत नाही. लक्ष देताना नेमकी तीच घटते, असं 2009 मध्ये माकडांच्या मेंदूतल्या व्ही-फोर या, दृष्टीचं काम करणाऱ्या भागात दिसलं. पेशी जोरात स्पंदण्यापेक्षा याचा फायदा मोठा.

आणि खरखर वाईटच असंही नाही. जाणवेल न जाणवेल अशा स्पर्शात किंचित कंपन मिसळलं, तर तो उंबरठा ओलांडून कळतो. कंपन वाढवलं की मात्र बुडतो.