रसायनशास्त्र, इतिहास आणि मोडी एकदम शिकतेय. पुढे काय करू?

तुझा प्रश्न असा आहे : बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, मेजर रसायनशास्त्र, मायनर इतिहास, शिवाय शनिवार-रविवार मोडीचा वर्ग. घरचे म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. यातून नोकरी मिळेल का?

तुला ‘तू’च म्हणते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं, दोन वर्षं नंदेसरीच्या एका कारखान्यात क्यू.सी.ला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला होते, मग इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजीला, म्हणजे संग्रहालयशास्त्राला गेले. हा विभाग इथे १९५२पासून आहे. आता मी जुन्या कागदपत्रांचं जतन करते. तुझे तिन्ही विषय माझ्या टेबलावर रोज एकत्र येतात, म्हणून लिहायला बसले.

मागच्या महिन्यात एका घरातून मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा आला. वरचे कागद हातकागदाचे, शाई काजळाची; अक्षरं अजून काळीभोर. खालचे नंतरचे, गिरणीच्या कागदावर लोखंडी शाईने लिहिलेले. तिथे अक्षरांभोवती तपकिरी डाग आणि काही ठिकाणी अक्षराच्या आकाराचंच भोक! त्या शाईतलं आम्ल आणि लोह मिळून कागदाचे तंतू खातात. अशा कागदाला हात लावण्याआधी अक्षराच्या कडेला पाण्याचा बारीकसा थेंब सोडायचा, वर टिपकागद दाबायचा आणि रंग उतरतो का ते बघायचं. उतरला, तर तो कागद पाण्यात घालायचा नाही. हे तुझं रसायनशास्त्र. आधी कुठला कागद हाती घ्यायचा, घरखर्चाची यादी की जमिनीची सनद, हे मोडी वाचता आलं तरच कळतं. आणि तारीख शुहूर सनात, म्हणजे जुन्या मराठी कागदांवरच्या कालगणनेत असली तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढायचा, त्या काळी गादीवर कोण होतं ते ताडून बघायचं, हा इतिहास. या तिघांतलं एकही काढलं तर माझं काम अडतं.

पण म्हणून तिन्ही विषयांना सारखाच वेळ दे, असं मी म्हणणार नाही. एक विषय खुंटीसारखा पक्का हवा, बाकीचे त्याला टांगायचे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५च्या एम.ए.ला त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र इतकं सगळं घेतलं होतं, पण मुख्य विषय अर्थशास्त्रच होता. तुझी खुंटी मी रसायनशास्त्र धरीन. जतनाची कामं सलग मिळत नाहीत, दोन-तीन महिने हात रिकामे जातात. तेव्हा प्रयोगशाळेतली नोकरी पोट भरते. वडिलांना हे नीट समजावून सांग, त्यांची काळजी खोटी नाही.

आता जिथे मी स्वतः ठेचकाळले ते सांगते. एका सरकारी जागेसाठी अर्ज केला. काम अगदी माझंच, पण जाहिरातीत पात्रता होती ‘इतिहास किंवा पुरातत्त्व यांत एम.ए.’ माझ्या पदवीवर म्युझिऑलॉजी लिहिलेलं, त्यामुळे अर्ज छाननीतच बाद झाला. फार रडले होते. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते : पी.जी.चा विषय ठरवण्याआधी तुला हव्या तशा जागांच्या निदान दहा जुन्या जाहिराती काढ आणि पात्रतेची ओळ शब्द न् शब्द वहीत उतरव. सरकारी छाननीत पदवीचं नाव बघतात, तुला काय येतं ते नंतर.

तीन वर्षांनी थांबायचं की चौथं करायचं, हेही तू विचारलं आहेस. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची, चार वर्षांची १६०ची. रसायनशास्त्रातच पुढे जाणार असशील तर चौथं वर्ष कर, मग एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते, आणि ७५ टक्के असले तर थेट पीएच.डी.साठीही अर्ज करता येतो. पण विषय बदलून जतनाकडे किंवा म्युझिऑलॉजीकडे यायचं असेल, तर तिसऱ्या वर्षानंतर पदवी घे आणि नव्या विषयात दोन वर्षांचं पी.जी. कर. त्या विषयाला ती दोन वर्षं लागतातच.

मोडी मात्र सोडू नकोस. वर्गात छापील धडे वाचता येतात, खऱ्या कागदावरची घसटी मोडी वेगळीच असते. रोज एक पान, वाचलेलं लगेच बाळबोध (देवनागरी) लिपीत उतरवायचं, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून पुढे जायचं. शंभर पानं झाली की ती वही घेऊन जतनाचं काम करणाऱ्या कुणाकडेही सुट्टीत काम मागायला जा. माझ्याकडे गेल्या वर्षी एक मुलगा अशीच वही घेऊन आला होता. गुणपत्रिका मी त्याला मागितलीच नाही.