कंसात लिहिलेलं बीपी

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी २६ वर्षांची, पहिलटकरीण. २९ वा आठवडा चालू आहे. अशोक चौकाकडे राहते, घरीच मशीनवर टॉवेलच्या कडा शिवते. मागच्या तपासणीला दोन जिने चढून गेले तर बीपी १४४/९२ निघालं, जरा बसवून घेतलं तर १३६/८६. (पहिल्या तपासणीला, दुसऱ्या महिन्यात, १०६/७० होतं.) पंधरा दिवसांनी या म्हणाले. सासूबाई म्हणतात, हे उन्हाचं आहे, मीठ आणि शेंगाचटणी बंद कर. घरात मामंजींची बीपीची गोळी आहे, मिस्टर म्हणतात अर्धी घेऊन बघ. मला त्रास काहीच नाही, संध्याकाळी पाय तेवढे सुजतात. काय करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी ती गोळी. अर्धी नाही, पावसुद्धा नाही. टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशा गोळ्या मोठ्या माणसांना सर्रास दिल्या जातात, पण गरोदरपणात त्यांनी बाळाच्या किडनीला इजा होते. गरोदर बाईसाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा ही औषधं वेगळी आहेत आणि ती तपासून, ठरवून द्यायची असतात. मिस्टरांना माझं नाव सांगून सांगा.

आता तुमच्या पत्रातली खरी कामाची ओळ, जी तुम्ही कंसात टाकलीत : १०६/७०. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून मधल्या महिन्यांत बीपी थोडं उतरतं आणि दिवस भरत आले की हळूहळू मूळ जागी येतं. तुमचं मूळ जागा ओलांडून वर गेलंय, तेही सातव्या महिन्यात. नुसतं वाढलं म्हणून आजार ठरत नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, दोन्हींतला एक जरी निदान चार तासांच्या अंतराने दोनदा भरला, की आम्ही त्याला वाढलेलं बीपी म्हणतो. २० आठवड्यांनंतर ते पहिल्यांदाच वाढलं आणि सोबत लघवीत प्रोटीन जायला लागलं, तर ती प्रीएक्लॅम्प्सिया. प्रोटीन नसतानाही रक्तातल्या प्लेटलेट, लिव्हर, किडनी बिघडू शकतात, म्हणून रक्तही तपासतो.

जिन्याचा आकडा मीही धरणार नाही. पण तो सोडूनही देणार नाही, आणि याला कारण आहे. मी नवी होते तेव्हाची गोष्ट. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेचे दिवस. होम मैदानाच्या गर्दीतून चालत आलेली एक बाई, बीपी १४८/९६. चालून आलीस म्हणून असेल, म्हटलं, आणि आठवड्याने बोलावलं. चौथ्या रात्री तिला झटके येत असतानाच आणलं. बाई वाचली, बाळ सव्वा किलोचं, दीड महिना पेटीत होतं. केसपेपरवर १४८/९६ माझ्याच अक्षरात होतं. तिला अर्धा तास बसवून परत मोजायला हवं होतं, आणि त्याच दिवशी लघवी तपासायला हवी होती.

म्हणून मोजणं नीट हवं. लघवीला जाऊन या. अर्ध्या तासात चहा नको. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सोडून पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे गप्प, सासूबाईंशीसुद्धा बोलायचं नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. आपल्याकडे बायका ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळतात, ती दंडाला आवळून बसते आणि तिच्याखाली पट्टा बांधला जातो. सैल बाहीचा गाऊन घालून जा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो.

उन्हाचं म्हणाल तर उलटं आहे. उन्हाळ्यात बीपी उतरायचा कल असतो, त्यामुळे सोलापूरच्या उन्हात चढलेलं बीपी मला जास्त खटकतं. मीठ बंद केल्याने हा आजार टळत नाही. तो मुळात वारेतून सुरू होतो, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या सुरुवातीला हव्या तेवढ्या रुंद न झाल्याने. तुमच्या खाण्याचा यात दोष नाही. भाकरीबरोबर चमचाभर शेंगाचटणी खा. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या मिळत असतील तर त्या चुकवू नका, फक्त लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका.

दिवसभर मशीनवर पाय लटकवून बसल्यावर घोटे सुजणारच. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं दिसलं, बांगड्या एकदम हातात रुतल्या, तर ते वेगळं. आणि त्रास नाही यावर विसंबू नका, बीपी दुखत नाही.

पंधरा दिवस थांबू नका. उद्याच जा, बीपी दोनदा मोजून घ्या, लघवी आणि रक्त तपासा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, पण तिचीही वाट बघू नका. १६०/११० दिसलं, किंवा गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं एक जरी झालं तरी रात्र असो, १०८ ला फोन करा.

बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर आकड्यांची वही सोबत न्या आणि १०६/७० पहिल्या पानावर लिहा. बाळंत झाल्यावर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा उसळतं, झटके तेव्हाही येतात. त्या दिवसांत घरात सगळे बाळाला बघायला येतात. आईला आत्ताच सांगून ठेवा, त्या गडबडीतही तुमचं बीपी रोज मोजायचं.