पदं शून्याकडे, मग बेरीज का नाही?

प्रश्न : १/(न+१) + १/(न+२) + … + १/(२न) या बेरजेत न वाढवला की प्रत्येक पद शून्याकडे जातं. मग सीमा शून्य का येत नाही?

उत्तर : कारण पदांची संख्याही वाढते. सर्वांत लहान पद १/(२न), आणि पदं न. म्हणजे बेरीज १/२ च्या खाली जाऊच शकत नाही.

नेमक्या किमतीसाठी प्रत्येक पदातून १/न बाहेर काढा. क-वं पद होतं (१/न) × १/(१ + क/न). हे पद म्हणजे १/(१+क्ष) च्या आलेखाखालच्या एका उभ्या पट्टीचं क्षेत्रफळ : १/न ही पट्टीची रुंदी, क्ष = क/न हे तिचं उजवं टोक, उरलेला भाग उंची. क हा १ ते न, म्हणून क्ष ० ते १. सीमा म्हणजे १/(१+क्ष) चं ० ते १ निश्चित संकलन, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ : २ चा नैसर्गिक लॉग, सुमारे ०.६९३१.

न = १० ला बेरीज ०.६६८८, १०० ला ०.६९०७. कमीच भरते, कारण फल उतरतं आहे आणि उजव्या टोकाची उंची पट्टीत सर्वांत कमी. मध्यबिंदूची उंची घेतली तर १० पट्ट्यांतच ०.६९२८ मिळतात!

बहुतेक जण चुकतात ते वरच्या मर्यादेत. बेरीज १/(३न) पर्यंत असेल तर क २न पर्यंत जातो, मर्यादा २ होते आणि उत्तर ३ चा लॉग येतं.