हात अडला असेल तर आधी घराबाहेर पड

कोरा कागद बघून भीती वाटते म्हणालीस. जलरंगात हे होतंच, मीही यातून गेलोय. सध्या तीनच गोष्टी कर.

१. रोज २० मिनिटं बाहेर बसून स्केच. भाजी मंडई, एसटी स्टँड, कुठेही. माणसं हलत असतात, त्यामुळे हात भराभर चालतो आणि ‘चांगलंच आलं पाहिजे’ हे डोक्यातून जातं. बॉलपेन घे, म्हणजे खोडता येणार नाही.

२. महिनाभर दोनच रंग: अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). यांच्या मिश्रणातून निळसर, तपकिरी असे कितीतरी करडे निघतात. पावसाळी आभाळ, ओली भिंत, जुनी कौलं, सगळं जमतं. नजर आपोआप छायाप्रकाशाकडे वळते, आणि तुझं तिथेच अडलंय असं मला वाटतं.

३. मूळ चित्रं बघ. सातारा जिल्ह्यात औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आणि चित्रकार म. वि. धुरंधर यांची चित्रं आहेत. ब्रशचा फटकारा मोबाइलवर कळत नाही गं.

हुरूप यावा म्हणून महागडे रंग मात्र घेऊ नकोस. इन्स्टाग्रामवरचे फोटोही उतरवू नकोस. बिघडलेलं चित्र फाडायचं नाही, मागे तारीख घालून ठेवायचं. कागद-ब्रशचं नंतर बोलू. पहिली पाच स्केचेस झाली की दाखव, वाट बघतो.