उदासीआधीचं ते उधाण डॉक्टरांना सांगितलंत का?

प्रश्न : माझे पती ४६ वर्षांचे, डिचोलीत दुकान आहे. दोन महिने पहाटे तीनलाच जाग येते, जेवण तुटलंय, दुकानात बसवत नाही. अंग दुखतं म्हणून दुखण्याच्या गोळ्या घेतात. यंदा नाटकाच्या तालमीलाही गेले नाहीत. तीन वर्षांमागे सगळं उलटं होतं : आठवडाभर दोन-तीन तास झोपूनही ताजेतवाने, कर्ज काढून माल भरला. नातेवाईक म्हणतात, देवाला कौल लावा. कुठे जावं? मनाच्या आजाराच्या गोळ्यांची सवय लागते का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात सगळ्यांत मोलाचा आहे तो तीन वर्षांमागचा आठवडा. पहाटेची जाग, अंगदुखी, कशातच रस नसणं ही नैराश्याची लक्षणं दोन आठवड्यांहून अधिक टिकली आहेत, म्हणजे उपचार हवेतच. पण मागे असं उधाण येऊन गेलं असेल तर हा बायपोलर आजार, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असं उधाण येणारा आजार, असू शकतो. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस पुन्हा त्याच उधाणात जाऊ शकतो. रुग्ण हे आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते दिवस चांगलेच होते. म्हणून तुम्ही सोबत जा आणि लिहूनच न्या : कोणतं वर्ष, किती दिवस, झोप किती तास, खर्च किती, दारू किती, घराण्यात कुणाला असं झालं होतं का. चालू गोळ्यांची पाकिटंही न्या.

बांबोळीला आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे, तिथे दाखवा. आधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीत, केव्हाही, मोफत बोलता येतं. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायचं का, तेही डॉक्टरांना विचारा. तिथल्या बिघाडानेही माणूस असाच गळून जातो.

लिथियम हे बायपोलर आजारातलं औषध सुरू झालं तर दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने रक्तातलं लिथियम धोकादायक वाढतं, जुलाब-उलट्यांनीही. रक्तातल्या लिथियमची तपासणी त्याच्या शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करतात.

नैराश्याच्या गोळ्यांची चटक लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची लागते, म्हणून त्या थोडेच दिवस देतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ आणि डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. नेमकं तिथेच बरेच जण औषध सोडतात. बंद करायचं तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू.

कौल लावायचा तर लावा, पण त्यासाठी बांबोळीची फेरी अडवून ठेवू नका. आणि आज रात्रीच त्यांना शांतपणे विचारा, ‘जगणं नकोसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, गोळ्या आणि बागायतीतली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा.

प्रश्न : बहिणीला नैराश्य आहे, गोळ्या नको म्हणते. नुसत्या समुपदेशनाने बरं वाटेल?

उत्तर : पुष्कळांना वाटतं. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांत हेच करून दाखवलं, तेही बऱ्यापैकी तीव्र नैराश्यात. त्याचा गाभा असा : बरं वाटण्याची वाट न बघता काम आधी करायचं. उद्यासाठी एकच छोटं काम वेळेसकट ठरवा, जसं सकाळी आठला दहा मिनिटं चालणं. आधी आणि नंतर मनाला १० पैकी किती गुण, ते तिला वहीत लिहू द्या. जमलं नाही तर काम निम्मं करा, तिला बोल लावू नका. चार-सहा आठवड्यांत फरक नसेल, किंवा खाणंपिणंच सुटलं असेल, तर गोळ्यांचा विषय डॉक्टरांसमोर पुन्हा काढा.