रोव्हर वारंवार फ्लोटवर जातो: दोष सिमचा की आणखी कशाचा?

आपला प्रश्न मी असा समजलो आहे: इंदूर-खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या पुढे मोजणी करताना रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारा फिरता रिसीव्हर, अधूनमधून फिक्स (सेंटिमीटरभर अचूक स्थान) सोडून फ्लोटवर (ढोबळ स्थानावर) जातो, दुपारी तर बराच वेळ तिथेच अडकून राहतो. मोबाइलवर दांड्या पूर्ण दिसतात, दोन कंपन्यांची सिम बदलून झाली आहेत आणि आता मोडेमसाठी मोठी अँटेना घ्यावी असा आपला विचार आहे. मी इंदूरमध्ये हेच काम करतो. माझे मत असे, की अँटेना इतक्यात घेऊ नये.

दांड्यांवरून आपल्या कामाचे फारसे काही कळत नाही. करेक्शन म्हणजे ज्ञात जागेवरील बेस स्टेशनकडून इंटरनेटवरून रोव्हरला येणारी दुरुस्तीची माहिती; चारही उपग्रहसमूहांचे (जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू) करेक्शन घेतले तरी ते सेकंदाला साधारण एक किलोबाइटच्या आसपास असते. रोजचा डेटा संपल्यावर ज्या योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो, तिथेही सेकंदाला ८ किलोबाइट मिळतात, म्हणजे त्या वेगातही आरटीके (करेक्शन घेत जागच्या जागी होणारी अचूक मोजणी) चालू शकते, फक्त त्याच फोनवर मागे व्हॉट्सॲपचे व्हिडिओ उतरत नसावेत. आपल्याला वेग नको, अखंड प्रवाह हवा. तो अखंड आहे की नाही हे कंट्रोलरच्या पडद्यावर करेक्शनचे वय म्हणून जो आकडा दिसतो त्यावरून समजते. हा आकडा १ ते २ सेकंदांवर स्थिर असताना रोव्हर फ्लोटवर गेला, तर मोबाइल नेटवर्क निर्दोष आहे. आकडा ५, १०, २० असा चढत जाऊन मग फिक्स सुटला, तर प्रवाह तुटला असे समजावे. रिसीव्हर जुन्या करेक्शनवर थोडा वेळ तग धरतो, त्यामुळे तुटण्याची वेळ आणि फिक्स सुटण्याची वेळ एक नसते, आणि नेमके येथेच बहुतेकांचे निदान चुकते.

वय चढत असेल तर सिमपेक्षा आधी मोडेम पाहावा. जिओकडे २जी आणि ३जी मुळीच नाही, त्यामुळे जुन्या ३जी मोडेममध्ये ते सिम चालणारच नाही. ज्या कंपन्यांनी ३जी बंद करून २जी ठेवले आहे, त्यांचे सिम अशा मोडेममध्ये निमूटपणे २जीवर उतरते, तरी पडद्यावर दांड्या भरलेल्याच दिसतात. परदेशी बाजारासाठी बनलेल्या काही ४जी मोडेममध्ये आपल्याकडे वापरात असलेला २३०० मेगाहर्ट्झचा बँड ४० किंवा ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ नसतो. फोनला जो टॉवर सहज मिळतो, तो अशा मोडेमला दिसतच नाही. एपीएन (मोबाइल कंपनीच्या इंटरनेट जोडणीचे नाव) हाताने भरावा आणि जिथे पर्याय असेल तिथे आयपीचा (इंटरनेट पत्त्याचा) प्रकार केवळ व्ही४ न ठेवता व्ही४ व व्ही६ दोन्ही असा ठेवावा.

फोनच्या हॉटस्पॉटवरून करेक्शन घेत असाल तर आणखी एक कारण आहे, जे साइटवर कोणाच्याच लक्षात येत नाही. दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये एका सिमवर कॉल चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. ठेकेदाराचा फोन येतो, चेनमन (मोजणीतला मदतनीस) मिनिटभर बोलतो आणि तेवढ्यात रोव्हर फ्लोटवर जातो. त्या फोनमध्ये एकच सिम ठेवावे, व्होल्टी (४जीवरूनच कॉल) चालू ठेवावे आणि तो फोन कोणाच्या हाती देऊ नये.

तुटलेली जोडणी पुन्हा होताना वेगळीच अडचण येऊ शकते. एका लॉगिनवर एकच जोडणी देणारा कास्टर (करेक्शन वाटणारा सर्व्हर) जुनी जोडणी मेली आहे हे लगेच ओळखत नाही आणि नवीन विनंती नाकारतो. अशा वेळी घाईघाईने पुन्हा पुन्हा कनेक्ट दाबण्यापेक्षा एक-दोन मिनिटे थांबणे बरे. जोडणी झाली, पण एकही बाइट येत नाही, असे दिसले तर रोव्हर स्वतःचे स्थान, म्हणजे जीजीए संदेश, पाठवतो आहे का ते तपासावे. आभासी बेस (रोव्हरच्या स्थानानुसार गणिताने तयार केलेला बेस) देणाऱ्या सेवेला तो मिळाल्याशिवाय ती काहीच पाठवत नाही. करेक्शनऐवजी स्टेशनांची यादी आली तर माउंटपॉइंटच्या, म्हणजे कास्टरवर निवडलेल्या प्रवाहाच्या, नावात चूक आहे, आणि ४०१ हा क्रमांक दिसला तर लॉगिन किंवा पासवर्डमध्ये. हे सारे फोनवरील एसडब्ल्यू मॅप्ससारख्या ॲपमध्ये तेच सिम, तेच लॉगिन घालून दहा मिनिटांत पडताळता येते. मात्र ही चाचणी ऑफिसच्या वायफायवर करू नये, कारण करेक्शन सहसा ज्यातून येते तो २१०१ हा पोर्ट तिथे अनेकदा बंद असतो.

दुपारचे अडकणे मात्र मला मोबाइलचे वाटत नाही. उपग्रहांचे संकेत ज्यातून येतात त्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातील, म्हणजे आयनमंडलातील, इलेक्ट्रॉनांची घनता भूचुंबकीय विषुववृत्तावर नव्हे, तर त्याच्या दोन्ही बाजूंना काही अंशांवर सर्वाधिक असते, आणि आपला भोपाळ-इंदूर पट्टा त्या उत्तरेकडील शिखराखालीच येतो. दुपारी ही घनता वाढते, बेस दूर असेल तर दोन ठिकाणांवरच्या आयनमंडलातला फरकही वाढतो आणि रोव्हरला उपग्रहापर्यंतच्या लहरींची पूर्णांक संख्या सोडवता येत नाही, जिच्यावाचून फिक्स मिळत नाही. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर उपग्रहांचे संकेत थरथरतात, तेही याच कारणाने. सध्याच्या सौरचक्राचा उच्चांक २०२४च्या सुमारास होता, त्यामुळे अलीकडे हा त्रास जास्त जाणवला. यावर सिम बदलून उपाय होत नाही. जवळचे स्टेशन निवडावे, महत्त्वाचे बिंदू सकाळी मोजावेत, आणि रिसीव्हर जुना नसेल तर गॅलिलिओ व बैदू हे समूह बंद राहिलेले नाहीत ना, हे पाहावे.

भेरूघाटात, जिथे रस्ता विंध्याच्या कड्यावरून खाली उतरतो, तिथे काही वळणांवर खरोखरच नेटवर्क नसते. फोनच्या सेटिंगमधील सिमच्या माहितीत सिग्नल उणे ११० डीबीएमच्या खाली दिसला तर अँटेनेवर खर्च करूनही भरवसा नाही. तेवढ्या पट्ट्यात रोव्हर आणि स्वतःचा बेस दोन्हींवर कच्ची नोंद चालू ठेवावी आणि ती ऑफिसात पोस्ट-प्रोसेस करावी, म्हणजे नंतर संगणकावर सोडवावी. स्वतःच्या बेसवरून थेट करेक्शन पाठवणारा यूएचएफ रेडिओ हाही पर्याय आहे, पण त्याचा परवाना घ्यावा लागतो आणि कड्याआड तो स्वतःच अडतो.

उद्या साइटवर फिक्स सुटेल त्या प्रत्येक वेळी वेळ, करेक्शनचे वय आणि वापरातील उपग्रहांची संख्या लिहून ठेवा, आणि मोडेमचे मॉडेल कळवा, म्हणजे बँड ४० त्यात आहे की नाही हे पाहून सांगता येईल.